अकरा नंबरची बोट

बोट सकाळी साडेसातला लोहाऱ्याच्या स्टँडावर आली आणि धोंडीबानं तिला अकरावा नंबर दिला. यात बोटीवर काही अन्याय झाला असं नाही. तिच्या आधी दहा काळीपिवळी जीपा लागलेल्या होत्या, आणि आमच्याकडं जी गाडी आधी लागते ती आधी सुटते. धोंडीबा नंबर कागदावर लिहीत नाही. त्याच्याकडं चुन्याची डबी असते. बोट बुडवतो आणि गाडीच्या काचेवर आकडा काढतो. बोटीची काच त्याच्या हाताला पुरेना, म्हणून त्यानं तिच्या निळ्या अंगावरच मोठा ११ काढला आणि उरलेला चुना तंबाखूला लावला.

बोट ट्रॉलीवर होती, ट्रॉली पिकअपला जोडलेली होती, आणि पिकअपमधून पन्नाशीचा एक सावळा माणूस उतरला. त्यानं मोबाईलमध्ये बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"बसवेश आपणच का? खाजगी मोटरबोट, तांडेलासह, एक दिवस, नऊ ते पाच."

"मीच. पण आमी येणार होतो की तिकडं. समुद्रावर."

"फॉर्ममध्ये 'कुठून निघणार' याच्यापुढं लोहारा लिहिलंय."

लिहिलं होतं. मी स्टँडासमोरच्या ऑनलाइन सेवा केंद्रात लोकांचे फॉर्म भरतो. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. सहा वर्षांत हजारो फॉर्म भरले असतील, आणि गावाचा रकाना आला की माझी बोटं मला न विचारता 'मु. पो. लोहारा, ता. लोहारा, जि. धाराशिव' लिहून मोकळी होतात. रकाना कशासाठी आहे हे मी वाचतच नाही.

"पण तुमच्या मालकाला वाटलं न्हाय का," मी म्हणालो, "की लोहाऱ्यात समुद्र न्हाय?"

"पावसाळ्यात समुद्र बंद असतो. लोहारा बंद आहे का?"

"न्हाय."

"मग झालं."

समुद्र बंद असतो हे मला पहिल्यांदाच कळलं. मी त्यांचं नाव विचारलं तर म्हणाले, तांडेल म्हणा, बोट चालवणाऱ्याला आमच्याकडं तेच म्हणतात. मग त्यांनी ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले, शिडी लावली, आणि आत जाऊन दहा नारंगी जाकिटं मोजून बाकांवर ठेवली.

आता ही बोट कशासाठी ते सांगतो.

माझे वडील, शंभुलिंगअप्पा, यांनी एकतीस वर्षं लोहारा ते माकणी काळीपिवळी चालवली. नऊ सीटांची जीप. पहिल्या दिवसापासून त्यांनी तिच्यात चौदा माणसं बसवली, सणावारी एकोणीस. ते स्वतः स्टिअरिंगच्या मागं अर्धे बसायचे. त्यांचा अर्धा भाग कायम दाराबाहेर असायचा, आणि त्या अर्ध्या भागाचा रंग वेगळा आहे. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरनं गाडी बंद करायला सांगितली. अप्पांनी जीप विकली, किल्ली दिली, घरी येऊन बसले आणि अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, म्हणाले, "पार्वती, एकच राह्यलं बघ. एकदा आख्ख्या गाडीत मी एकटा बसावं. शेजारी कोण न्हाय, मांडीवर कुणाची पिशवी न्हाय. आन गाडी चालू पायजे. भरायची वाट न बघता."

एवढंच मागितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं, म्हणून मी मनावर घेतलं.

पहिल्यांदा वाटलं, कुणाची तरी जीप दिवसभरासाठी ठरवू. पण लोहाऱ्यात हात दाखवल्यावर न थांबणारी गाडी नाही. मागच्या वर्षी एकानं दवाखान्याची गाडी ठरवून आपल्या आज्ज्याला लातूरला नेलं, वाटेत चार माणसं बसली, त्यातली दोन आज्ज्याच्या आधी दवाखान्यात भरती झाली. अप्पांना एकटं फिरवायचं तर अशा ठिकाणी फिरवायला पाहिजे होतं जिथं वाटेत हात दाखवायला माणूसच उभा राहू शकत नाही. विचार करत करत मी समुद्रापर्यंत पोचलो.

अप्पा आठ वाजता आले. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, कपाळाला ताजी विभूती. त्यांनी बोटीकडं बघितलं. खालून बघितलं, मागून बघितलं, ट्रॉलीच्या टायरला लाथ मारून हवा बघितली.

"ही एकट्याला?" त्यांनी विचारलं.

"एकट्याला," तांडेल म्हणाले.

अप्पा शिडीवरून वर गेले आणि सगळ्यात पुढच्या बाकावर बसले. मधोमध. दोन्ही हात लांब पसरून बघितले. कशालाच लागले नाहीत. अव्वानं खालून धपाट्यांचं फडकं वर दिलं आणि तांडेलांना विचारलं, "तुमी काय खाता?"

"मासे."

"ते सोडून सांगा."

"मग काहीपण."

नऊ वाजता तांडेलांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "वेळ सुरू झाली." ते पिकअपमध्ये बसले, मी रस्ता दाखवायला शेजारी बसलो, आणि धोंडीबा गाडीच्या पुढं येऊन उभा राहिला.

"अजून तिसरी भरतीया," तो म्हणाला. "तुमचा अकरावा हाय."

"धोंडीबा, ही खाजगी हाय," मी म्हणालो.

"असू द्या. स्टँडात लागली ना? नंबर घेतला ना?"

"नंबर तू दिला."

"मंग घेतलाच की. आन भरल्याबिगर न्हाय सुटायची. रिकामी गाडी सोडायची न्हाय हा नेम हाय. आज एक रिकामी सोडली तर उद्या सगळे रिकामेच पळतेल."

मी वर बघितलं. अप्पा या नियमाविरुद्ध काही बोलतील असं वाटलं होतं. पण हा नियम त्यांनीच अठ्ठ्याण्णव साली केला होता, स्टँडाचे अध्यक्ष असताना. आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी एका नवरदेवाची गाडी अडवली होती. तीन शीट कमी होते. शेवटी नवरदेवाला तीन अनोळखी माणसं घेऊन लग्नाला जावं लागलं. तो नवरदेव म्हणजे धोंडीबा.

"आमच्या लग्नाच्या फोटोत," धोंडीबा बोटीकडं तोंड करून म्हणाला, "नवरीच्या शेजारी तीन माणसं हायत. सत्तावीस वर्षं झाली. कोण हायत कुणालाच म्हाईत न्हाय. पोरं इचारतेत."

"नेम हाय तर हाय," अप्पा वरून म्हणाले.

मग आम्ही थांबलो. जीपा एकेक करून भरत होत्या आणि सुटत होत्या. तांडेल तेवढ्यात बोटीच्या कडेनं फिरून माशी हाकलावी तसं काहीतरी पुसत होते. येणारे-जाणारे अप्पांना खालून रामराम घालत होते. अप्पा बोटीत एकटे बसून होते, पण ते मोजायचं नाही. गाडी चालू पाहिजे असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

सव्वाअकराला दहावी जीप सुटली. धोंडीबानं नेहमीसारखी हाळी दिली, "चला सास्तूर, माकणी," आणि लोक शिडीवरून बोटीत चढायला लागले. ही बोट का आहे, असं एकानंही विचारलं नाही. एका मास्तरांनी तेवढं विचारलं की फाट्याला थांबती का. मी थांबती म्हणालो.

दहा झाल्यावर तांडेलांनी शिडी काढली.

"अजून दहा बसतेत," धोंडीबा म्हणाला.

"जाकिटं दहाच आहेत. जाकीट नाही तर माणूस नाही."

"लोहाऱ्यापासून सास्तूरपर्यंत पाणी किती हाय?"

"ते मला कसं माहीत असणार? मी या रस्त्यानं पहिल्यांदाच चाललोय."

धोंडीबाला हे पटलं. त्यानं जाकिटं मोजली, माणसं मोजली, अप्पांना एक धरून दहा भरले, म्हणजे गाडी भरली. मग तांडेलांनी वर चढून सगळ्यांना सूचना दिल्या. बोट एका बाजूला कलली की सगळ्यांनी सावकाश दुसऱ्या बाजूला सरकायचं. हात बाहेर काढायचा नाही. पोटात ढवळलं तर वाऱ्याकडं तोंड करायचं नाही. "कुणाकुणाला पोहता येतं?"

"हिरीत येतं," एक जण म्हणाला.

"चालेल."

अप्पांच्या बरोबर मागं हरणाबाई म्हणून एक मावशी बसल्या होत्या, मांडीवर दुरुस्त करून आणलेला टेबलफॅन. जाकीट घालायला त्यांनी फॅन अप्पांच्या मांडीवर ठेवला. जाकीट घातल्यावर परत घ्यायला विसरल्या.

बोट साडेअकराला सुटली.

स्टँड सुटल्यावर पहिला हात पेट्रोल पंपाजवळ आला. एक माणूस, खांद्यावर खताची रिकामी पोती, रस्त्याच्या कडेला उभा. त्यानं हात आडवा धरून खाली-वर हलवला. आमच्याकडं हे लहान मुलालाही समजतं. तांडेलांनी खिडकीतून हात बाहेर काढला, उंच धरला, सावकाश हलवला, आणि पुढं गेले.

"ओळखीचे होते?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो.

पुढं चिंचेच्या झाडाखाली दोघं. त्यांनीही हात केला. तांडेलांनी परत हात हलवला, वर एकदा हॉर्न दिला.

"आमच्याकडं," तांडेल म्हणाले, "बोटीतले पाहुणे किनाऱ्याकडं बघून हात करतात. किनाऱ्यावरचे पाहुणे परत करतात. गावातला माणूस कधी करत नाही. वर बघत पण नाही. तुमच्याकडं गावातले लोक करतात. माणसं फार चांगली आहेत तुमची."

मला त्यांना सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण मी आरशात बघितलं. आरशात बोटीचा पुढचा भाग दिसत होता, त्यात अप्पा, त्यांच्या मांडीवर फॅन, वाऱ्यानं गरगर फिरणारा. मी तोंड मिटलं.

"व्हय," मी म्हणालो. "चांगली हायत."

ज्याच्या बापानं एकतीस वर्षं कुणाचाही हात बघून गाडी पुढं नेली नाही, त्याच्या पोरानं असं करावं. पण बोटीतले लोक उतरत जातील आणि नवीन चढणार नाहीत, हा एकच रस्ता मला दिसत होता. मी फक्त उतरणाऱ्यांसाठी थांबवायचं ठरवलं आणि हात मोजत बसलो. सास्तूरपर्यंत तेरा झाले. एक बाई दोन पिशव्या घेऊन आमच्या मागं बरीच पळाली.

"निरोप द्यायला धावतात सुद्धा," तांडेल म्हणाले.

अप्पांना वरून सगळं दिसत होतं. थांबवायला त्यांनी बोटीच्या अंगावर थाप मारली नाही. पण दर हाताला त्यांचा उजवा पाय फळीवर दाबला जात होता. ब्रेक. सातव्या-आठव्या हातानंतर त्यांनी फॅन बाजूला ठेवला आणि गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

वळण आलं की बोटीतले सगळे जण तांडेलांनी सांगितल्याप्रमाणं सावकाश दुसऱ्या बाजूला सरकायचे. मास्तर सगळ्यांवर लक्ष ठेवून होते.

सास्तूरला सहा उतरले, जाकिटं घडी करून परत दिली. फाट्याला मास्तर आणि त्यांच्याबरोबरचा एक. मास्तर जाताना तांडेलांना म्हणाले, "उद्या किती वाजता हाय?" तांडेल म्हणाले, बुकिंग करावं लागेल. मास्तरांनी माझा नंबर घेतला.

राहिल्या हरणाबाई.

"मावशी, कुठं उतरायचं?" मी विचारलं.

"माकणीच्या पुढं."

माकणीच्या पुढं धरण आहे. म्हटलं धरणावर उतरतील.

पाण्याला उतार आहे तिथं लोक बैल धुतात आणि जीपा धुतात. आम्ही ट्रॉली तिकडं वळवली तर झाडाखालून वॉचमन उठला. उमाशंकर नाव, खाकी शर्ट, खाली लुंगी.

"थांबा. होडी घालायची परवानगी हाय का? कागुद?"

मी फॉर्मवाला माणूस. म्हणालो, "अर्ज करता येतो. पंधरा दिवस लागतेत."

"मंग पंधरा दिवसांनी या."

अप्पांनी बोटीतून खाली बघितलं. त्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली, धपाट्यांचं फडकं हातात घेतलं, आणि उतरायच्या तयारीनं उठले. घरी न्यायचं तर न्या, असं तोंड. एकतीस वर्षं पोलिसांशी, आरटीओशी भांडलेला माणूस, पण स्वतःच्या कामासाठी कधी भांडायची वेळच आलेली नव्हती.

उमाशंकर मात्र बोटीच्या अंगाकडं बघत होता.

"हा अकरा धोंडीबाच्या हातचा न्हाय का? त्याचा एक असा वाकडाच असतोय."

"धोंडीबाचाच," मी म्हणालो.

"म्हंजे स्टँडातली गाडी हाय."

"हाय."

"शीट घेऊन आली?"

"दहा घेऊन आली. एक अजून बसलंय."

उमाशंकरनं हरणाबाईकडं बघितलं. हरणाबाईंनी मान डोलावली.

"मंग काळीपिवळी हाय ही," उमाशंकर म्हणाला. "धुवायला आणली म्हणा की आधी. जीप धुवायला इथं मनाई न्हाय. पाण्यात किती आत न्यायची ते नेमात लिव्हलेलं न्हाय. फक्त साबण लावायचा न्हाय, आन अर्ध्या तासात काढायची. आन एक माणूस इथं ठिवा, मला दाखवायला. गाडी आत राह्यली तर मी कुणाचं नाव सांगू?"

माझं नाव ठरलं.

तांडेलांनी पिकअप उलटी घेतली. अप्पा बोटीतूनच "येऊ द्या, येऊ द्या, डावं मारा" म्हणत होते. ट्रॉलीची चाकं बुडाली, बोट हलकी झाली, उचलली गेली. तांडेल वर चढले. मी हरणाबाईंसाठी शिडी धरली.

"उतरा, मावशी."

"म्या न्हाय उतरत. माझं गाव ते काय." त्यांनी पाण्याच्या पल्याड बोट दाखवलं. "रस्त्यानं गेलं तर दोन गाड्या बदलाव्या लागतेत. आन ही चाललीया तिकडंच."

"मावशी, ही खाजगी हाय. अप्पांना एकट्याला जायचंय."

"मंग जाऊ द्या की एकट्याला. म्या काय बोलत न्हाय."

तांडेल अप्पांकडं बघत होते. बुकिंग अप्पांच्या नावाचं नव्हतं, पण बोट अप्पांसाठी होती हे तांडेलांना सकाळपासून कळलेलं होतं. अप्पांनी पाण्याकडं बघितलं, हरणाबाईंकडं बघितलं, त्यांच्या फॅनकडं बघितलं. अर्ध्या तासातली चार मिनिटं गेली, उमाशंकरनं तसं सांगितलंही.

"माणूस गाडीत बसलंय," अप्पा शेवटी म्हणाले, "तर ते त्याच्या ठिकाणाला सोडावं लागंल."

मग त्यांनी बोटीच्या अंगावर दोन थापा मारल्या. तांडेलांना ते कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यांनी इंजिन सुरू केलं.

मी आणि उमाशंकर काठावर बसलो. बोट लहान होत गेली. नारंगी रंगाचे तीन ठिपके दिसत होते. पल्याड पोचायला तिला पाच-सहा मिनिटं लागली असतील. एक ठिपका उतरला, जाकीट काढलं असावं, कारण मग तो दिसेनासा झाला. नंतर उन्हात काहीतरी चमकलं आणि चढण चढून वर गेलं. तो फॅन होता.

"आता रिकामी येणार," उमाशंकर म्हणाला. धंद्यातला माणूस नसला तरी त्यालाही त्याचं वाईट वाटलं. लोहारा-माकणी रस्त्यावर रिकामी परतणं म्हणजे त्या दिवशी काहीतरी बिघडलं असं समजतात.

बोट निघाली. सरळ आमच्याकडं येत होती. पाण्याच्या मधोमध आली आणि आवाज बंद झाला. मी उठून उभा राहिलो. वाटलं, इंजिन बिघडलं. पण तांडेल मागं टेकून बसले होते, हातात काहीतरी होतं, बहुधा धपाटं. अप्पा पुढच्या बाकावर बसले होते, मग बाकावर आडवे झाले. आख्ख्या बाकावर. पाय लांब केले. थोड्या वेळानं उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. मग तिसऱ्या. मग एकदम मागच्या कोपऱ्यात, जिथं त्यांच्या जीपमध्ये माणसं बसायला नको म्हणायची. एकेका जागेवर बसून त्यांनी सगळी गाडी बघून घेतली. मी मोजलं, दहाही जागा झाल्या.

मग इंजिन परत सुरू झालं. बोट आमच्याकडं वळायच्या ऐवजी लांबच्या कडेनं, पाणी जिथं सगळ्यात रुंद आहे तिकडं निघाली.

"अर्धा तास झाला," उमाशंकर म्हणाला. "बोलवा त्यांना. कुणी वरचं आलं तर मी काय सांगू, अजून धुतेत म्हणून?"

तांडेलांचा मोबाईल पिकअपमध्ये राहिला होता आणि अप्पांचा माझ्याच खिशात होता. धुताना भिजायला नको म्हणून मीच काढून घेतला होता. म्हणून मी काठावर पुढं गेलो, चपला भिजल्या, आणि हात वर केला. स्टँडावर करतात तसाच, आडवा धरून खाली-वर.

अप्पांनी बघितलं. बोट एवढी लांब नव्हती की दिसू नये. ते उठून उभे राहिले. एवढ्या लांबून त्यांचा उजवा पाय काय करत होता हे मला दिसलं नाही, ते मी खोटं सांगणार नाही.

मग त्यांनी हात वर केला. उंच धरला, तांडेल धरतात तसा, आणि सावकाश हलवला. बोट पुढं गेली.

मी हात खाली घेतला आणि येऊन उमाशंकरच्या शेजारी दगडावर बसलो.

"थांबली न्हाय," तो म्हणाला.

"खाजगी हाय," मी म्हणालो.

त्यानं थोडा विचार केला, लुंगी सावरली आणि आम्ही ज्या रस्त्यानं आलो होतो तिकडं बघितलं.

"मागं दुसरी हाय का?"

"न्हाय."

मग आम्ही तिथंच बसून राहिलो.